वरच्या खुणेपर्यंत

४ नोव्हेंबर २०२४, सोमवार

आज व्हॅन बाहेर काढली. चौदा महिने ती शेडात ट्रॅक्टरशेजारी ताडपत्रीखाली उभी होती. दिग्विजय गेल्यापासून तिच्याकडं बघवत नव्हतं आणि विकवतही नव्हती.

गावातल्या सहा बायका शिरवळला औषधाच्या कारखान्यात कामाला जातात. रोज सुरूर फाट्यावर वडापच्या जीपची वाट बघत उभ्या राहतात. त्यांच्यातली रेश्मा परवा घरी आली. म्हणाली, "क्रांतीवहिनी, तुमाला गाडी येती, गाडी दारात हाय. आमाला न्या की." दोन दिवस विचार केला आणि हो म्हणाले.

सुरूरचा भरतेश मिस्त्री येऊन बॅटरी बसवून आणि नवं तेल भरून गेला. हा मूळचा सांगलीकडचा, समडोळीचा. बोलतो कमी, पण हात चांगला. म्हणाला, "वहिनी, इंजिन जुनं आहे, तेल पितंय. आठवड्याला पाव लिटर तरी कमी होणार. दर सोमवारी बघायचं आणि लागेल तेवढं टाकायचं." पुढची सीट उचलून दाखवलं. सीटखालीच इंजिन. पट्टी ओढायची, फडक्यानं पुसायची, परत घालून परत काढायची. पट्टीवर दोन खुणा आहेत, तेल त्या दोन्हींच्या मधे पाहिजे. "पेट्रोलच्या गाडीचंच तेल टाका," हे दोनदा बजावलं.

आबा ओट्यावरून बघत होते. माझे सासरे फौजेत बावीस वर्षं ड्रायव्हर होते. पूर्वी अशा वेळी मधे पडल्याशिवाय राहिले नसते. मुलगा गेल्यापासून बोलणं जवळजवळ बंदच आहे. भरतेश गेल्यावर एवढंच विचारलं, "तेल बघितलं का?" म्हटलं, बघितलं. मी हातपाय धुऊन आले तर त्यांनी परत तेच विचारलं.

दिग्विजय तेलापायीच गेले. लिहायला नको वाटतं, पण ही वही दुसरं कोण वाचणार. हळदीचे नमुने घेऊन सांगलीला निघाले होते. पेठ नाक्याच्या पुढं तेलाचा लाल दिवा लागला. शहाण्यासारखं लगेच इंजिन बंद केलं, गाडी कडेला घेतली आणि बघायला खाली उतरले. मागून ट्रक आला. गाडीला ओरखडाही नाही. इंजिनात तेल नावालाच होतं, असं पोलिसांनी सांगितलं.

११ नोव्हेंबर, सोमवार

आठवडा पार पडला. जाताना बोगदा, येताना खंबाटकी घाट. सकाळी बायकांना सोडून घरी यायचं आणि संध्याकाळी परत आणायला जायचं. पहिले दोन दिवस घाटात दुसऱ्या गिअरच्या वर गेले नाही. राहीबाई नावाच्या आहेत एक, सगळ्यांत मोठ्या. त्या माझ्या मागं बसून प्रत्येक वळणावर "जय मल्हार" म्हणतात. त्यांना वाटतं मला ऐकू येत नाही.

आज सोमवार म्हणून तेल बघितलं. अगदी वरच्या खुणेवर. भरतेश म्हणाला तसं काही कमी झालेलं नाही. बरंच आहे.

१८ नोव्हेंबर, सोमवार

आज तेल वरच्या खुणेच्या वर आहे. चांगलं बोटभर.

मी एक थेंबही टाकलेला नाही. आणलेला डबा कपाटात सीलबंद आहे. तीनदा पुसून बघितलं. आणि रंग. त्या दिवशी मधासारखं होतं, आज काळंकुट्ट.

कुणाला सांगावं कळेना. आबांना म्हटलं, "आबा, गाडीतलं तेल वाढलंय." ते म्हणाले, "कमी पडाय नको." आणि कट्ट्यावर जाऊन हात धुवायला लागले. हल्ली फार वेळ हात धुतात. साबणाची वडी चार दिवस पुरत नाही.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

रेश्मा आज म्हणाली, "वहिनी, गाडी बोलायची बंद झाली की." खरंच. सकाळी सुरू केली की इंजिन टकटक टकटक करायचं, माझ्या लग्नापासूनचा तो आवाज. दिग्विजय घरी आले की आधी ती टकटक यायची, मी चहा ठेवायचे. आता ती नाही. घाटातसुद्धा गाडी गप चढते. कुणी तरी वरून हात ठेवून तिला उगी केल्यासारखं वाटतं.

२५ नोव्हेंबर, सोमवार

भरतेशला थांबवून विचारलं. पट्टी काढून त्यानं वास घेतला, दोन बोटांत तेल चोळलं. "पेट्रोल मिसळलं तर तेल वाढतं. पण वास न्हाई. तुम्ही टाकलं नाही नक्की?"

"न्हाई."

"इंजिन तेल पितं वहिनी, बनवत न्हाई." मग म्हणाला, गाडी दोन दिवस ठेवा, इंजिनाखालचा तेलाचा चेंबर खोलून बघू. दोन दिवस ठेवली तर बायकांचे खाडे होतात, आणि पहिल्याच महिन्यात त्यांना काय सांगू? पुढं बघू म्हटलं.

त्याला एक गोष्ट सांगितली नाही. आज सकाळी शेडात गेले तेव्हा पुढची सीट नीट बसलेली नव्हती. खिटी उघडी होती. गाडीच्या मधल्या दाराचं कुलूप कधीचंच बिघडलंय, त्यामुळं दार कुणीही उघडू शकतं. पण पहाटे आमच्या शेडात कोण येणार? कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. घरातल्या माणसाला भुंकत नाही ते.

२ डिसेंबर, सोमवार

आज लिहून टाकते. मला वाटतं दिग्विजय येतात.

वेड लागलंय का, असं स्वतःला विचारून झालंय. पण दुसरं काय? तेल कमी म्हणून गेलेला माणूस. आता त्याच गाडीत मी बसते, आणि तेल कमी होत नाही. आवाज बंद झाला. सीट उचललेली असते. आज सीटच्या रेक्झिनवर बोटांचे ठसे होते, तेलाचे, चार बोटं आणि अंगठा. मी माझा हात त्यावर ठेवून बघितला. माझ्या हातापेक्षा पंजा मोठा आहे. यांचा हात आबांवर गेला होता, सगळे म्हणायचे.

तो ठसा मी पुसला नाही.

एकटी असले की आता गाडीत बोलते. "आवं, आज राहीबाईंचा पाय दुखतोय, सावकाश घेऊ." उत्तर येत नाही, पण गाडी सावकाश चालते.

१५ डिसेंबर, रविवार

लेकीचा, अंकिताचा सांगलीहून फोन आला. नर्सिंगचं दुसरं वर्ष, परीक्षा जवळ आली आहे. आबांशी बोलायचं म्हणाली म्हणून फोन त्यांच्याकडं दिला. नंतर मला म्हणते, "आई, आबा बरे आहेत ना? मला म्हणाले, दिगू, सांगलीत पोचलास का, दिवा लागला न्हाई ना."

म्हटलं, म्हातारपण आहे, ऐकू कमी येतं. ती म्हणाली, "ऐकू येण्याचं नाही हे. त्यांना डॉक्टरांना दाखव." तिला आता सगळ्यांनाच डॉक्टरांकडं न्यावंसं वाटतं. गव्हाचं पाणी झालं की नेते म्हटलं.

आबांच्या दोन पायजम्यांना काळे डाग पडलेत, निघत नाहीत. ट्रॅक्टरला कशाला हात लावता म्हणून विचारलं तर म्हणाले, "लावत न्हाई." ट्रॅक्टर तर दिवाळीपासून सुरूच केलेला नाही.

२३ डिसेंबर, सोमवार

थंडी कडाक्याची. सकाळी गाडी उठता उठत नाही. किल्ली फिरवली की आतून कण्हल्यासारखं होतं, जड काही तरी ढकलावं तसं. सुरू झाली की मागून निळा धूर. रेश्मा पदर नाकाला लावते. शेडात गाडीखालच्या जमिनीवर काळा डाग पडलाय, ताटाएवढा होता, आता परातीएवढा झालाय.

तेल दोन्ही खुणांच्या खूप वर. आता मी पुसून परत बघत नाही. भरतेश फाट्यावर दिसला तर हात वर करून पुढं निघाले. त्यानं चेंबर खोलला आणि काही तरी साधं कारण सांगितलं तर? मला ते नको आहे. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे.

६ जानेवारी २०२५, सोमवार

आज तेल बघितलंच नाही. बघणारा बघतोय.

१६ जानेवारी, गुरुवार

घरी आल्या आल्या लिहायला बसले.

संध्याकाळी बायकांना घेऊन निघाले. खंडाळा गेलं, घाट सुरू झाला. तिसऱ्या वळणावर तेलाचा लाल दिवा लागला.

मी थांबले नाही.

वहीत तरी खोटं नको. दिवा दिसला, कळला, आणि मी थांबले नाही. मनात म्हटलं, तेल काठोकाठ आहे, यांनीच टाकलंय, दिवाच बिघडला असेल. मागं सहा बायका डोळे मिटून बसलेल्या. दिवा लालच. दोन वळणं तशीच चढवली. मग ती टकटक परत आली. पहिल्यांदा मला बरं वाटलं. जुना आवाज. क्षणभर वाटलं, आले. मग टकटक वाढली, ठोके पडायला लागले, सीटखालून पायांना हादरे बसायला लागले, आणि एकदम सगळं आवळल्यासारखं झालं. गाडी जागच्या जागी थांबली. वळणावर, मागून येणाऱ्याला दिसणार नाही अशा जागी.

रेश्मानं मधलं दार उघडलं आणि सगळ्यांना कठड्यापलीकडं काढलं. मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेली. ती खिडकीशी आली. "वहिनी, उतरा."

"जरा थांब. हे बघतील."

"कोण बघंल?"

तिनं दार उघडून माझा दंड धरला आणि ओढलं. तिची नखं अजून दिसतायत. आम्ही कठड्यापलीकडं आलो तोवर उसाच्या ट्रॉल्या घेऊन एक ट्रॅक्टर आणि त्याच्या मागं कंटेनर आला. कंटेनरवाल्यानं शेवटच्या क्षणी गाडी बघितली आणि स्टिअरिंग फिरवलं. एवढ्या जवळून गेला की व्हॅन डावीउजवीकडं हलली. आत कुणी बसलंय आणि कूस बदलतंय तशी.

राहीबाई माझ्याकडं बघत म्हणाल्या, "पोरी, दिवा लागलेला मला दिसला हुता. मला वाटलं, तुला म्हाईत असंल."

१८ जानेवारी, शनिवार

भरतेशनं चेंबर खोलला. मला बोलावून दाखवलं. गाडीत तीन लिटर तेल मावतं, साडेपाच निघालं. खाली पंपाच्या तोंडाशी एक जाळी असते, तिथून तेल वर ओढलं जातं. ती जाळी काळ्या खरवडीनं पूर्ण बुजलेली. डांबर वाळल्यासारखी.

"हे सगळं डिझेलचं तेल आहे," तो म्हणाला. "ट्रॅक्टरचं. जाड असतं, म्हणून आवाज बसला आणि थंडीत गाडी उठंना. आणि त्यात मळ काढायचं औषध जास्त असतं. नव्या इंजिनात काही वाटत न्हाई. पण हे वीस वर्षांचं, आत जागोजागी घाण धरलेली. रोज नवं नवं टाकत गेलं की ती सगळी सुटून आली आणि जाळीत बसली. वर तेल काठोकाठ, आणि इंजिनाला थेंब मिळंना."

मी बाकड्यावर बसले.

"घरात ट्रॅक्टर आहे न्हवं?" त्यानं खाली बघत विचारलं. त्याला उत्तर नको होतं.

घरी येऊन शेडातली ट्रॅक्टरच्या तेलाची बादली बघितली. वीस लिटरची, दिवाळीत निम्म्याहून जास्त भरलेली होती. आज तेल तळाला टेकलंय. शेजारी नरसाळं, आणि माझ्या जुन्या परकराचं फडकं, घडी घालून ठेवलेलं. फौजेतली घडी. आबा अंथरूणसुद्धा तशीच घडी घालून ठेवतात.

बोटांचे ठसे. साबण. पायजमे. सगळं माझ्याच हातानं या वहीत लिहिलेलं आहे. वाचून बघितलं.

मला राग आला नाही. मला पोरकं वाटलं. दोन महिने ते येत होते, आणि आज कळलं की कधीच आले नव्हते.

१९ जानेवारी, रविवार

पहाटे साडेचारला उठून शेडाच्या भिंतीशी उभी राहिले. गाडी भरतेशकडं आहे, तेव्हा आबा येणार नाहीत, आले तर जागा रिकामी बघून परत फिरतील, असं वाटलं.

आबा आले. हातात बादली, काखेत नरसाळं. व्हॅन उभी असते तिथं गेले. तिथं काही नव्हतं, नुसती जमीन आणि तो काळा डाग. त्यांनी बादली खाली ठेवली. मधलं दार सरकवलं. दार नव्हतं, पण हात तेवढाच सरकला. वाकून आत गेल्यासारखे झाले. दोन्ही हातांनी सीट उचलली आणि डोकं सीटला लागू नये म्हणून मान तिरकी केली. पट्टी ओढली, फडक्यानं पुसली, ओट्यावरच्या दिव्याच्या उजेडाकडं धरून बघितली. हातात काहीच नव्हतं. मग नरसाळं हवेत धरलं आणि तेल ओतलं. तेल सरळ मातीत पडत होतं. ते मन लावून ओतत होते, सांडू नये म्हणून.

मी भिंतीशीच राहिले.

सीट खाली बसवून खिटी लावली. मग जिथं ड्रायव्हर बसतो त्या जागेकडं बघून म्हणाले, "टाकलंय रं. आता जा बिनघोर."

मी पुढं गेले. "आबा."

दचकले नाहीत. माझ्याकडं बघून म्हणाले, "दिगू निघालाय सांगलीला."

"आबा, दिगू न्हाईत. मी क्रांती."

त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. मग ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून खाली बसले. आणि बोलले. सोळा महिन्यांत नव्हे, मला वाटतं लग्नापासून एवढं सलग ते माझ्याशी बोलले नव्हते.

"त्या दिवशी सकाळी त्यानं विचारलं. आबा, गाडीत तेल कमी हाय, ट्रॅक्टरचं टाकू का लिटरभर? मी न्हाई म्हणालो. डिझेलचं तेल पेट्रोलच्या गाडीला चालत न्हाई म्हणालो. फौजेत शिकवलंय तसं. सांगलीतनं येताना नवं आण आणि टाक म्हणालो. बादली हितंच हुती. ह्या हाताच्या अंतरावर. त्यानं माझं ऐकलं. कवा ऐकत न्हवता, त्या दिवशी ऐकलं."

मी त्यांच्याशेजारी मातीत बसले.

"आता मी न्हाई म्हणत न्हाई," आबा म्हणाले. "रोज टाकतो."

"एकदाच टाकता का, आबा?"

त्यांनी हात उलटेपालटे करून बघितले. "आज टाकलंय का मी?"

८ फेब्रुवारी, शनिवार

गाडी परत आली. क्रँक घासून, नवी बेरिंग घालून, चेंबर लख्ख धुऊन. मधल्या दाराला नवं कुलूप. बादली भरतेशकडं देऊन टाकली. आबांना साताऱ्यात दाखवून आणलं. विसरण्याचा आजार आहे, वाढत जाणार, असं डॉक्टर म्हणाले. अंकिता म्हणाली तेच. सांगलीला तिच्या आत्याकडं ठेवा असं सगळे सांगतात. मी नाही म्हटलं. या घरात ते कुणाची वाट बघतायत ते तरी मला माहीत आहे.

बायकांची माफी मागितली. दिवा दिसूनही थांबले नाही हे सांगितलं. पाच जणी आल्या, एक वडापनं जाते. बरोबर आहे तिचं. राहीबाई आता पुढं माझ्या शेजारी बसतात आणि दिव्यांवर नजर ठेवतात.

गाडी ताब्यात घेताना भरतेशला एकट्याला गाठून विचारलं. समजा गाडीत तेल कमी आहे, दुसरं काही हाताशी नाही, आणि एकदाच लिटरभर ट्रॅक्टरचं टाकलं, तर?

"वेळेला चालतं की," तो म्हणाला. "एकदा टाकून काय होत न्हाई. तेल नसण्यापेक्षा कुठलंही तेल बरं. सांगलीला जाऊन आरामात परत येईल गाडी."

सांगली हे नाव मी घेतलं नव्हतं. तो सहज म्हणाला, त्याचं गाव तिकडं म्हणून.

१२ फेब्रुवारी, बुधवार

बादली नाही तरी आबा पहाटे शेडात जातात. गाडीच्या कुलूप लावलेल्या दाराशी बसून राहतात. मी शाल घेऊन जाते आणि उजाडेपर्यंत बसते.

आज गेले तेव्हा ते अगदी जागेवर होते. डोळे स्वच्छ. माझं नाव घेऊन बोलले. "क्रांती, एक विचारतो. त्या दिवशी मी टाकू दिलं असतं, तर चाललं असतं का गं?"

मी आधीच ठरवून ठेवलं होतं. "न्हाई आबा. चाललं नसतं. इंजिन गेलं असतं. तुमी बरोबर सांगितलंत."

त्यांनी मान डोलावली. शाल गुडघ्यावर ओढून घेतली.

"दिगू तर म्हणतो, चाललं असतं," ते म्हणाले.

"कवा म्हणाले?"

"आत्ता. तू यायच्या आधी. हितंच बसला हुता." त्यांनी माझ्याकडं नाही, माझ्या शेजारच्या जागेकडं बोट दाखवलं. "म्हणाला, आबा, लिटरभरानं काय झालं नसतं. सांगलीला जाऊन आरामात परत आलो असतो."

भरतेश काय म्हणाला ते मी या घरात कुणाला सांगितलेलं नाही. आबांना नाही, अंकितालाही नाही. आबा वही वाचत नाहीत, दोन वर्षांपासून त्यांना अक्षर लागत नाही.

मला बराच वेळ मान वळवून शेजारी बघता आलं नाही. मग विचारलं, "रागात हुते का?"

आबांनी विचार केला. "न्हाई," म्हणाले. "रागात न्हवता. घाईत हुता."